धापा टाकणारी माती

प्रयोगशाळेच्या बाकावर दोन बरण्या होत्या. एकीत परसातली माती, दुसरीत लांबच्या एका बागेतली. दोन्हींत चुन्याच्या निवळीची एकेक कुपी. जिवाणू श्वास सोडतील तशी निवळी दुधाळ होते. परसातली जास्त दुधाळ दिसली, म्हणून धाकटीने महिन्यापूर्वीच घरी सांगून टाकलं होतं, "माती जिवंत आहे, बाबा. खुशाल भाजी लावा."

जिवाणू वाढलेत किती, हे आज कळलं. जेमतेम. मग तिने आर्सेनिक तपासलं. वडिलांनी उभी हयात त्याच परसात लाकडी खांब वाळवीच्या आर्सेनिकवाल्या औषधात बुडवून निथळत ठेवले होते. हे तिला आधी सुचायला हवं होतं.

ती घरी आली तेव्हा वडील वाफ्यापाशी उकिडवे बसले होते. पालक वीतभर झाला होता.

"शास्त्रज्ञबाई आज लवकर?"

"आज पहिली जुडी," ताई दारातून म्हणाली. "तुमची नात सकाळपासून ताट घेऊन बसलीय."

"तिला देऊ नका. मातीत आर्सेनिक आहे. मी चुकले."

वडिलांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"श्वास तर चालू होता म्हणालीस."

"चालू होता, पण कशासाठी ते पाहिलं नाही. विष आत शिरतं, जिवाणू ते बाहेर फेकतात. पुन्हा शिरतं, पुन्हा फेकतात. खाल्लेलं सगळं त्यातच जातं, वाढायला काही उरत नाही. धापा टाकत होते बिचारे, आणि मी म्हटलं ठणठणीत आहेत."

"म्हणजे नावेत पाणी शिरतंय आणि हे उपसत बसलेत."

"हो."

"मग वल्ही कोण मारणार," वडील स्वतःशीच म्हणाले. पालकाकडे बघत त्यांनी विचारलं, "गाईला तरी घालू?"

"नको."

"खतात?"

"नको, बाबा."

"आम्ही म्हटलं, घरचीच पोर, दुसरीकडे कशाला तपासायचं," ताई म्हणाली आणि पोरीच्या हातातलं ताट घ्यायला आत गेली.

धाकटीने वडिलांना हातमोजे दिले आणि गोणीचं तोंड उघडून धरलं. ते एकेक रोप उपटू लागले. मुळांची माती झटकायची त्यांची जुनी सवय.

"झटकू नका, धूळ उडते."

पुढचं रोप त्यांनी तसंच गोणीत टाकलं. त्याच्या पुढचं पुन्हा झटकलं.

तिने उठून झारी भरून आणली आणि सगळा वाफा ओला केला.