डब्यावरची बाई

ज्या वर्षी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी कोरगावच्या सगुण परबानं आपल्या काजूच्या डब्यावर आईचं चित्र छापलं. राजभाषा कोकणी की मराठी यावरून तेव्हा सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते, त्यामुळे डब्यावर कोणत्या भाषेत लिहायचं यावर दहा जणांनी दहा सल्ले दिले. सगुणनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि ‘शांताई काजू’ एवढंच लिहिलं. ते दोन्हीकडे चालणारं होतं. खाली आईचा चेहरा: रुपयाएवढं कुंकू, नाकात नथ, डोईवर पदर. फोटो वडील हयात असतानाचा. त्यावरून म्हापशाच्या पेंटरनं चित्र काढलं. जित्या माणसाचं चित्र असं चव्हाट्यावर मांडू नये, असं शेजारणी म्हणाल्या. शांताबाईनं चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि आपण एवढ्या गोऱ्या कधी होतो, एवढंच विचारलं.

डब्यावर तिचाच चेहरा असायला हवा होता, याबद्दल कोणी वाद घालू नये. नवरा गेल्यावर तीस वर्षं ती अंगणात पत्र्यावर काजूच्या बिया भाजत आली, दांड्यानं फोडत आली. बी फोडून अख्खा पांढरा गर बाहेर काढायची तिची हातोटी अशी, की पेडण्याच्या बाजारात लोक ‘शांताचे काजू इले काय?’ म्हणून विचारत. पण काजूच्या सालीतलं तेल फार वाईट. राख लावा, खोबरेल लावा, ते बोटं खातंच. शांताबाईच्या बोटांची कातडी इतक्या वेळा जळून निघाली होती, की शेवटी ती नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. त्या अंगणातल्या पत्र्यावरूनच सगुणनं पुढं शेड उभी केली. तिथं चाळीस बायका कामाला होत्या, निम्म्या कोरगावच्या, निम्म्या खाडीपलीकडच्या आरोंद्याच्या.

माल दुबईला गेला तो गुरुदासमुळे. गुरुदास त्याच वाड्यावरचा. आई लवकर गेली, म्हणून लहानपणी अर्धी जेवणं शांताबाईच्या हातची जेवलेला. दुबईत तो एका किराण्याच्या घाऊक पेढीत लागला आणि एकदा सुट्टीवरून परत जाताना त्यानं ट्रंकेतून दहा डबे नेले. मालकाला काजू आवडले. मग शंभर डबे गेले, मग हजार, आणि चार-पाच वर्षांत अशी वेळ आली की शेडमधला बाराआणे माल बोटीनं तिकडंच जाऊ लागला. ‘गुरु म्हणजे माझो धाकटो भाव,’ असं सगुण जिथं तिथं सांगत फिरे.

सगुणची बायको भाग्यलक्ष्मी साखळी गावची, मॅट्रिक झालेली. पत्रव्यवहार सगळा तिच्याकडे. शहाण्णव साली पणजीला लहान कारखानदारांची एक सभा झाली, तिथून ती दुबईत डब्याचं नाव नोंदवायचा एक छापील अर्ज घेऊनच घरी आली.

“हांगाचो दाखलो थंय चालना,” ती म्हणाली. “थंय नाव नोंदवचा वेगळा लागता. जो पयलो अर्ज घालता, नाव तेचा. वकिलांका मी सगळा इचारून इलंय. तुमी फक्त सही करा, फाल्या जावन दिवन येतंय.”

“देवीक इचारल्याशिवाय?” सगुण म्हणाला. “आजवर देवीक इचारल्याशिवाय काय केलंय मी?”

हे खरं होतं. शेड बांधताना विचारलं, मोठ्या मुलीच्या लग्नाला विचारलं, डब्यावर चित्र छापतानाही विचारलं. आपल्या भागात ही रीतच आहे. देवीच्या पाषाणाला फुलांच्या ओल्या कळ्या लावायच्या, गुरवानं सगळ्यांच्या देखत खड्या आवाजात गाऱ्हाणं घालायचं, आणि मग वाट पाहायची. उजवी कळी पडली की काम करावं, डावी पडली की थांबावं. भाग्यलक्ष्मीचा देवीवर विश्वास नव्हता असं नाही. पण काही गोष्टी देवीला मनातल्या मनात विचारल्या तरी पोचतात, असं तिचं म्हणणं होतं. सगुणला ते पटलं नाही. चोरून विचारायला आपण काय चोरी करतोय?

सोमवार होता. देवळात साठ-सत्तर माणूस होतं. दत्ताराम गुरवानं कळ्या लावल्या, हात जोडले आणि घसा साफ केला.

“गे माये, तुझा लेकरू सगुण आज तुझ्या पायाकडे इला आसा. तेच्या आवशीच्या नावाचो माल दुबयक जाता. थंयच्या सरकाराच्या दप्तरात ता नाव अजून तेचा झालेला नाय. दुसरो कोण घेयत म्हणून तेका भय वाटता. ता नाव आता नोंदवचा काय थांबाचा, तेचो तू न्याय दी!”

“व्हय म्हाराजा!” सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं.

सुट्टीवर आलेला गुरुदास खांबाशी उभा होता. घड्याळ आणि चपला काढून, हात जोडून. ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्यांत त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता, हे सगुणला नंतर आठवलं. आठवून काय उपयोग? तेव्हा त्याला कौतुकच वाटलं होतं, की पोरगा एवढी वर्षं परमुलखात राहिला तरी देवधर्म विसरला नाही.

डावी कळी पडली. दत्तारामनं पुन्हा कळ्या लावल्या, पुन्हा डावीच. दोनदा डावी आली की दसऱ्यापर्यंत तो विषय देवीपुढे काढायचा नाही, असा तिथला दंडक.

दुपारी गुरुदास जेवायला सगुणकडेच होता. शांताबाईनं त्याच्यासाठी मिसळीच्या भाज्यांचं खतखतं केलं होतं.

“मगे दादा, थांबतलंस?” त्यानं विचारलं.

“देवीची आज्ञा. थांबाकच व्हया.”

“बरोबर आसा,” गुरुदास म्हणाला आणि त्यानं आणखी भात मागून घेतला. निघताना तो शांताबाईच्या पाया पडला. तिनं त्याला वाटेत खायला म्हणून एक डबा दिला. भाग्यलक्ष्मीनं अर्जाची घडी केली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली.

दसऱ्याला उजवी कळी पडली. सगुणनं देवळात पेढे वाटले, सही केली, कागद वकिलांमार्फत गेले. त्याचं उत्तर येण्याआधी जानेवारीत वेगळंच पत्र आलं. दुबई बंदरात त्याचा माल अडवला होता. चार हजार डबे. कारण काय, तर माल नकली आहे. ‘शांताई’ हे नाव आणि ते चित्र तिथल्या एका नव्या कंपनीच्या मालकीचं आहे, आणि तिच्या परवानगीशिवाय कोरगावचा कोणी सगुण परब ते वापरतो आहे. कंपनीच्या दोन भागीदारांत एक नाव गुरुदासचं होतं. अर्जाची तारीख भाग्यलक्ष्मीनं बोटांवर मोजली. देवळातल्या त्या सोमवारनंतरचा अकरावा दिवस.

सगुण पत्र हातात घेऊन शेडच्या दारात किती वेळ उभा राहिला, त्यालाच कळलं नाही. आत बायका बिया फोडत होत्या. त्यांच्यात बसलेली आई कुणाची तरी थट्टा करत होती. राग आधी आलाच नाही त्याला. आधी आली ती लाज. अख्ख्या गावासमोर, खड्या आवाजात, आपणच आपल्या घराला कडी नाही हे सांगून आलो, याची.

पणजीचे वकील भले गृहस्थ होते. लढता येईल म्हणाले. तिथं आपण आधीपासून माल विकत होतो, हे सिद्ध करायचं.

“विकत होतात कुणामार्फत?”

“गुरुदासाच्या.”

“पावत्या, जाहिराती, दुकानदारांची पत्रं?”

सगळं गुरुदासकडे होतं. भावाकडून पावत्या कोण घेतो? वकिलांनी चष्मा काढून पुसला. तीन वर्षं लागतील, कदाचित पाच, आणि तोवर त्या नावानं तिकडं एक डबाही उतरवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. अडवलेले चार हजार डबे बंदरातच फोडून नष्ट करण्यात आले.

शेड आठवड्यातून दोन दिवस चालू लागली. आरोंद्याच्या बायका यायच्या थांबल्या. सुमन नावाची एक होती, नवरा खाणीवरच्या ट्रकखाली सापडून लुळा पडलेला. ती मात्र रोज यायची आणि काम नसलं तर अंगण झाडून जायची. तिला नको येऊस असं सांगायचं धाडस सगुणला झालं नाही.

मे महिन्यात गुरुदास आला. भाड्याची गाडी सरळ अंगणात. सगुणनं त्याची गचांडी धरली आणि दोन बायकांनी मध्ये पडून सोडवली. गुरुदासनं शर्ट सारखा केला आणि शांतपणे बाकावर बसला.

“देवीसमोर उभो ऱ्हावन आयकलंस आणि जावन अर्ज घातलंस?” सगुणचा आवाज फाटला होता.

“देवीन तुका थांब म्हटला, दादा,” गुरुदास म्हणाला. “माका खंय म्हटला?”

आणि मग त्यानं कागद काढला. तो काही शेड बुडवायला आला नव्हता. त्याला काजू हवेच होते, असे अख्खे पांढरे गर दुसरीकडे कुठे मिळतात? सगुणनं गर पोत्यांत भरून सुटा पाठवायचा, डबे तिकडं भरले जातील. चाळीस बायकांचं काम पहिल्यासारखं चालू होईल. फक्त एक अडचण. जिवंत माणसाचा चेहरा दुसऱ्याच्या डब्यावर म्हणजे उद्या त्याच माणसानं हरकत घेतली तर? म्हणून शांताबाईनं नोटरीसमोर लिहून द्यायचं, की डब्यावरचं चित्र तिचं नाही. ती कोणी काल्पनिक बाई आहे, आणि तिचा आपल्याशी काही संबंध नाही.

“मेलंय तरी करूचंय नाय,” सगुण म्हणाला.

तो आठ दिवस तेच म्हणत राहिला. ‘मी सांगितलं होतं’ हे शब्द भाग्यलक्ष्मीनं एकदाही उच्चारले नाहीत, आणि त्यामुळे ते त्याला दिवसभर ऐकू येत राहिले. नवव्या दिवशी शांताबाईनंच विषय काढला. सुमन अंगण झाडत होती आणि म्हातारी पायरीवर बसून तिच्याकडे बघत होती.

“रे सगुणा, आंगठो खंय मारूचो?”

“आये, तुका समाजता काय तो कागद काय आसा?”

“माका वाचूक येयना म्हणान तू इतको वेळ गप ऱ्हवलंस काय?” ती म्हणाली. “तुझ्या बायलेन वाचून दाखयलो माका. तो चेरो खाता काय रे? ह्या पोरीक खावक व्हया.”

पेडण्याला नोटरीच्या कचेरीत गुरुदास आधीच येऊन बसला होता. नोटरीनं कागद मोठ्यानं वाचला, कारण तसं वाचावंच लागतं. ‘मी, शांता, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, राहणार कोरगाव, सत्यप्रतिज्ञेवर सांगते की...’ शांताबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मग तिनं डावा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उठवला.

नोटरीनं वाकून पाहिलं. कागदावर नुसता काळा ठिपका होता. एक रेघ नाही, वळण नाही. त्यानं अंगठा पुसायला लावला, कमी शाई लावून पुन्हा घेतला. मग उजवा घेतला. चार वेळा तोच काळा ठिपका.

“ह्या अंगठ्याक रेघाच नात,” नोटरी म्हणाला. “हो अंगठो कोणाचोय आसूं येता. ही बाई शांता, हें हांवें कशें मानचें?”

“काजूच्या तेलान खाल्ल्यो,” शांताबाई म्हणाली, आणि हात पदरात घेतला.

मग त्यावर तोड निघाली. ओळखणाऱ्यानं खाली सही करायची. ‘ही बाई शांताच असून ती माझी जन्मदात्री आहे, तिला मी ओळखतो,’ असं नोटरीनं तिथंच टंकून घेतलं. वर लिहिलं होतं की तो चेहरा तिचा नाही, आणि खाली सगुणनं लिहून द्यायचं होतं की ती तीच आहे. सगुणची पहिली सही वाकडी आली. गुरुदासनं खिशातून आपलं पेन काढून पुढं केलं. सगुणनं नोटरीचंच पेन वापरलं.

पेनं होती एका डब्यात. शांताईचाच डबा, कधीतरी रिकामा झालेला, टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेला. नोटरीचं लक्ष आता त्याच्याकडे गेलं. त्यानं चित्राकडे पाहिलं, मग समोरच्या म्हातारीकडे पाहिलं. कुंकवाच्या जागी कपाळ मोकळं होतं, गाल बसले होते, पण डोळे तेच होते. तो कानकोंडा झाला. त्यानं हळूच डबा फिरवला, चेहरा भिंतीकडे केला.

“फिरवू नाका, बाबा,” शांताबाई म्हणाली. “ती कोण ता माका ठावक नाय म्हणान आत्ताच लिवन दिलंय नाय?”

गुरुदासनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि तो बाहेर गेला. सगुणनं आईचा हात धरून तिला उठवलं. अंगठ्यावरची शाई ती लुगड्याला पुसत होती, पण गुळगुळीत कातडीवरून ती आधीच निघून गेली होती.