सगळ्यांना हो म्हणणारी पेटी

विद्युलताचं पत्र आलं ब्याण्णव सालच्या नोव्हेंबरात, आणि जयतीर्थरावांनी त्याला उत्तर दिलं नाही. विसरले असते तर निदान सुखानं झोपले असते. पण निळ्या आंतर्देशीयवरचं ते टपोरं अक्षर त्यांना पाठ होतं.

‘सर, माझी चूक नेमकी कुठे झाली? नव्या नोकरीत स्क्रीन मांडायला घेतली की हात थांबतो. तुम्ही सांगाल ते मी मान्य करीन.’ खाली वाईचा पत्ता, वडिलांच्या घरचा.

उत्तर त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तर लिहवत नव्हतं.

तेव्हा शहराला मद्रासच म्हणत. अड्यारला एका दवाखान्याच्या वर त्यांचं छोटं ऑफिस होतं. चपला दाराबाहेर काढायच्या, कारण आतल्या मोठ्या मॉनिटरांना धूळ चालत नसे. जयतीर्थराव पंचकार्डांच्या काळापासून प्रोग्रॅम लिहीत आलेले, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले, त्रेपन्न वर्षांचे. विद्युलता वाईहून आलेली, चोवीस वर्षांची. एका इस्पितळासाठी रुग्णनोंदणीच्या स्क्रीन करायच्या होत्या, इंग्रजीत आणि तमिळमध्ये. स्क्रीन विद्युलताच्या, पण त्यांच्या पोटातली ‘पेटी’ जयतीर्थरावांची.

पेटी म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन. त्यात नावाच्या पट्ट्या, लिहायच्या चौकटी, बटणं. या सगळ्यांना ऑफिसात पोरं म्हणत. प्रत्येक पोरानं विचारायचं, मला एवढी रुंदी मिळेल का? पेटीनं सांगायचं: हो, किंवा नाही, किंवा ‘एवढी नाही, इतकी घे’. मग सगळ्यांना ओळीनं बसवायचं. जयतीर्थराव हे आधी टेबलावर करून पाहत. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापून ते स्टीलच्या ताटात मांडत, सोनेरी कडा एका रेषेत येईपर्यंत सरकवत.

“सर, आज किती पोरं जेवायला?” विद्युलता ताटात डोकावून विचारायची.

“अकरा. मजला दोन दिवस द्या, सगळी बसतील.”

“मजला! अहो, तुम्ही बखरीतून उठून आलात की काय?”

“आणि तुमची मराठी तर रेडिओवरची,” ते पुटपुटत आणि लाजून चष्मा पुसत. फिल्टर कॉफीचे पेले येत. तिला त्यांची मराठी ऐकायला आवडे आणि त्यांना तिचं हसणं. एवढ्या आनंदाचे दिवस त्यांनी ऑफिसात पुन्हा पाहिले नाहीत.

इस्पितळाच्या लोकांना दाखवायचा दिवस उजाडला. इंग्रजी स्क्रीन सुरेख चालली. मोठ्या डॉक्टरांनी तमिळ निवडलं आणि बसून एका रुग्णाची सगळी माहिती भरली, चांगली पंधरा मिनिटं. मग ते इकडेतिकडे पाहू लागले.

“छान आहे. पण हे साठवायचं कुठं? माझ्या खिशात?”

‘साठवा’ हे शेवटचं बटण पडद्यावर नव्हतंच. सगळे हसले. साहेब हंबीरराव तेवढे हसले नाहीत. “स्क्रीन तुझी ना गं?” त्यांनी विचारलं.

“हो सर,” विद्युलता म्हणाली.

दोन खुर्च्या पलीकडे जयतीर्थराव चष्मा पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चूक सापडली. तमिळ शब्द लांब. म्हणून प्रत्येक पट्टीनं जास्त जागा मागितली होती, आणि त्यांची पेटी प्रत्येकीला हो म्हणत गेली होती. तिची स्वतःची रुंदी ठरलेली. तिनं बाहेरच्या स्क्रीनकडे वाढीव जागा मागायला हवी होती, नाहीतर पोरांना आवरायला हवं होतं. यातलं काहीच त्यांनी लिहिलं नव्हतं. कुणाला नाही म्हणायचं नाही, वरच्याकडे काही मागायचं नाही. त्यांचा स्वतःचा जन्म असाच गेला होता. शेवटचं पोर कडेबाहेर ढकललं गेलं होतं.

त्यांनी गुपचूप दुरुस्ती केली. हंबीररावांनी ऑफिसच्या दुरुस्तीवहीत नोंद केली: ‘विद्युलताची चूक दुरुस्त’. जयतीर्थरावांनी ती वाचली आणि खाली सही केली. महिन्याभरात ती नोकरी सोडून गेली.

नव्याण्णवच्या मे महिन्यात मानाजी भेटायला आला. जुन्या ऑफिसात त्यांच्या निवृत्तीआधीची शेवटची दोन वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता. आता शोळिंगनल्लूरच्या नव्या ऑफिसात होता आणि तीच प्रणाली सांभाळत होता. जयतीर्थरावांच्या पत्नी अलमेलूबाईंनी त्याला ताक दिलं.

“तुमची पेटी अजून पळते, सर! काल मात्र एका पोरानं विद्युलता केली, दुपार गेली त्यात.”

“काय केली?”

“विद्युलता. बटण कडेबाहेर गेलं की आम्ही तसंच म्हणतो. जुन्या वहीत आहे ना ते. नव्या मुलांना वाटतं, कुठल्या तरी जुन्या मशीनचं नाव असेल.”

जयतीर्थरावांनी पेला खाली ठेवला. “ती मुलगी होती. आपल्याच ऑफिसात. आणि चूक तिची नव्हती.”

“मग कुणाची?”

“माझी.”

हे शब्द सात वर्षांत प्रथमच त्यांच्या तोंडून बाहेर पडले. मानाजी ओशाळला. वातावरण हलकं करायला म्हणाला, “अय्यो, मग आता ‘जयतीर्थ झाला’ म्हणायचं का आम्ही?”

“म्हणा. आणि वहीत माझं नाव लिहा. उद्याच.”

तो गेल्यावर ते लिहायला बसले. सात वर्षांनी कोण वाट पाहत असेल? हे आपण तिच्यासाठी लिहितोय, की आपलं मन हलकं व्हावं म्हणून? तिसऱ्या दिवशी चार पानं झाली. अलमेलूबाईंनी ती उभ्याउभ्या वाचली.

“तुमचा स्वभाव, तुमचं बालपण, तुमचं प्रायश्चित्त. तिनं काय विचारलं होतं?”

“चूक कुठे झाली.”

“ते ह्यात कुठं आहे?”

त्यांनी चारही पानं बाजूला ठेवली. मग नवा कागद घेतला.

‘चि. विद्युलता हिस अनेक आशीर्वाद. तुमच्या स्क्रीनमध्ये काहीही चूक नव्हती. चूक माझ्या पेटीत होती. ती मला दुसऱ्याच दिवशी कळली, तरी मी गप्प राहिलो. वहीतल्या खोट्या नोंदीखाली सहीही केली. आता तिथे माझं नाव लिहायला सांगितलं आहे. तुम्ही स्क्रीन मांडताना हात थांबवू नये. जयतीर्थ.’ खाली पेटीचं गणित लिहिलं, कुठल्या ओळीत काय राहिलं होतं ते. तिला स्वतः ताडून पाहता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मंदैवेळीच्या पोस्टात ते अर्धा तास रांगेत उभे राहिले.

“रजिस्टर? पोचपावती पाहिजे का?” काउंटरवरच्या बाईंनी तमिळमध्ये विचारलं.

“पाहिजे,” ते म्हणाले. “पत्ता जुना आहे. परत आलं तर मला कळायला हवं, दुसरा शोधीन.”

बाईंनी पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.