डाव्या गालावरचा वण

चीनशी चाललेल्या युद्धाची चित्रं घ्यायला कासाई मालकांच्या दुकानापुढे सगळं टोकियो लोटलं होतं. चित्रकाराने ना ती समुद्रातली लढाई पाहिली होती ना ती जहाजं. वर्तमानपत्र पुढ्यात ठेवून त्याने तीन कागदांत धूर, लाटा आणि तोफा भरल्या. घाईत एका खलाशाचा चेहरा राहूनच गेला. नुसती टोपी.

चित्रं छापायच्या लाकडी फळ्या कोरणं माझं काम. तो चेहरा मी कोरला. माझ्या एइकिचीचा. तो जहाजाच्या तळाशी भट्टीत कोळसा लोटायचा. त्याच लढाईत तो गेल्याचा कागद आला, तेव्हा चेरीची फळी माझ्या पुढ्यातच होती. घरात त्याचा एक फोटो नाही. बायको आधीच गेलेली. म्हटलं, पोराला निदान वर, उघड्या हवेत उभं करू.

नाक, हनुवटी, डाव्या गालावरचा वण. वण माझ्याच पटाशीचा. तीन वर्षांचा असताना मांडीवर चढायला धावला होता.

पहिला छाप हातात आला आणि मी तो उजेडात धरला. वण उजव्या गालावर! छाप सुलटा यावा म्हणून चित्र फळीवर पालथं चिकटवून कोरायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण या चेहऱ्याला चित्रच नव्हतं. मी आठवणीतून सरळ कोरत गेलो होतो. घरोघरी भलताच पोरगा गेला, आणि ते कळणारा मी एकटा.

वसंतात युद्ध संपलं. कासाई फळी घेऊन आले.

"तोकुझो, रंधा मारा हिच्यावर. आता नटांची चित्रं काढू."

"मालक, ही राहू द्या माझ्याकडे."

"फळ्या काय झाडाला लागतात? उद्या हवी मला."

कोरण्यात चूक झाली की आम्ही तेवढाच तुकडा काढून तिथे दुसरं लाकूड ठोकतो. त्या चेहऱ्यापुरतं मी तसंच केलं आणि उरलेल्या समुद्रावर रंधा मारला.

कासाईंना जोड दिसला. "तुम्हीसुद्धा चुकता की हो!"

"चुकलो होतो, मालक."

तो बोटभर तुकडा आता माझ्या भाताच्या वाडग्याशेजारी असतो. लाकडात वण डाव्याच गालावर आहे. चेहरा शाईने काळवंडलेला, भट्टीवरून नुकताच वर आल्यासारखा.

"हातपाय धू, जेवायला बस," मी रोज म्हणतो. मग एकटाच जेवतो.