मांडीतला दाब

एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, म्हणून डॉ. विश्वजितनी अंबूबाईंना बर्फ लावून घरी जायला सांगितलं. सकाळी म्हशीनं त्यांची मांडी गव्हाणीच्या कठड्यावर दाबली होती. कुबड्या कशा धरायच्या ते शिकवायला फिजिओथेरपीची इंटर्न मेहक आली.

"उठा की मावशी."

"कशी उठू? पंचवीस वर्सं म्हशींच्या लाथा खातोय मी. ह्ये दुखणं निराळं हाय."

मेहकनं मांडी चाचपली. आतली आणि मागची बाजू मऊ होती. पुढची लाकडासारखी कडक. तिनं हलकेच गुडघा वाकवला, तर अंबूबाई किंचाळल्या.

"गोळ्या कसल्या चालू आहेत?" मेहकनं विचारलं.

"काळजाची झडप बदलल्या. रक्त पातळ व्हायची खातो."

मेहक चपापली. मांडीचे स्नायू तीन कप्प्यांत असतात. पुढचे गुडघा सरळ करतात, आतले मांड्या जवळ आणतात, मागचे गुडघा वाकवतात. प्रत्येक कप्प्याभोवती चिवट पडदा असतो आणि तो फारसा ताणत नाही. आत रक्त साचत गेलं, की दाब वाढून स्नायू काही तासांत मरतात.

ती डॉक्टरांकडे गेली. "सर, पुढच्या कप्प्यात दाब वाढलाय. सर्जनना बोलवा."

"मुका मार आहे. पायाची नाडी लागतेय."

"यात नाडी शेवटपर्यंत लागते, सर."

"तू कुबड्या दे. निदान मी करतो."

मेहकनं कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि त्यांच्यासमोरच टेबलावरचा फोन उचलून सर्जन डॉ. अमरसिंहना लावला. "इंटर्न मेहक बोलतेय. चूक निघाली तर माझं नाव लिहा, पण आत्ता या."

तोवर अंबूबाईंना घरी सोडायला व्हीलचेअर आली. मेहकनं थांबायला सांगताच त्यांनी खाटेची दांडी घट्ट धरली. "न्हाय जात! पोरगी थांब म्हणत्या, तर थांबणार."

अमरसिंह आले. स्नायूत सुई घालून त्यांनी दाब मोजला आणि थिएटर तयार करायला सांगितलं. रक्त गोठायची औषधं देऊन मांडीच्या बाहेरच्या अंगानं लांब छेद घेतला. आतून साकळलेल्या रक्ताची मोठी गाठ निघाली. काळपट पडलेला स्नायू हळूहळू लालसर झाला.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मेहककडून माफीपत्र मागितलं. वरिष्ठांना डावलल्याबद्दल.

"माफी लिहिणार नाही, मॅडम. काय घडलं ते वेळेसकट लिहिते."

तिनं पानभर लिहून सही केली. तिची वॉर्डातली ड्युटी काढून घेतली. तळमजल्यावर रुग्णांच्या पाठी शेकायला पाठवलं. ती गेली. पण जेवणाच्या सुट्टीत रोज वर येऊन अंबूबाईंना पाय उचलायला लावायची.

एकदा विश्वजित दारात थांबले. "माझं चुकलं. पण सगळ्यांसमोर फोन करायची काय गरज होती?"

"आधी तुम्हालाच सांगितलं होतं, सर," मेहक म्हणाली आणि पुढचा आकडा मोजू लागली.

दीड महिन्यानं अंबूबाई काठी टेकत चालू लागल्या. गुडघा अजून पुरता वाकत नव्हता. मेहकची ड्युटी काही परत मिळाली नाही, आणि तिनं ती मागितलीही नाही.