हेडक्लार्कची कंबर

आमचे हे चौऱ्याण्णव साली हेडक्लार्क झाले आणि सहा महिन्यांत त्यांची कंबर धरली. काशीमीऱ्याच्या एका गोदाम कंपनीत बारा वर्षं ते स्वतः फायली शोधत, जिने चढत-उतरत हिंडले, तेव्हा कसली तक्रार नव्हती. मग पाठीला टॉवेल टाकलेली खुर्ची मिळाली, टेबलावर घंटी आली आणि बूड हलवायचं कामच संपलं. घंटी दाबली की महिपत शिपाई फाईल आणणार, पाणी आणणार, खाली पडलेली टाचणीसुद्धा उचलून देणार.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहून हाडं शाबूत असल्याचं सांगितलं. बसून बसून स्नायू ढिले पडलेत, सकाळी थोडा व्यायाम करा आणि कचेरीत दर अर्ध्या तासानं उठून चाला, एवढंच औषध. व्यायाम हे इमानानं करू लागले. कचेरीत मात्र उठेनात. इकडे चौदा एप्रिल जवळ आलेला. दर जयंतीला आमच्या वस्तीचं लेझीम पथक ह्यांच्या आणि मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, जोडीनं सुरू व्हायचं. वाकल्याशिवाय लेझीम कसलं? ह्या वर्षी जोडी फुटणार म्हणून घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली, ह्यांचं सर्वांत जास्त.

शेवटी मी वैतागून विचारलं, चार पावलं चालायला लाज वाटते का तुम्हाला? तर म्हणाले, "बाबांनी तीस वर्षं दुसऱ्याच्या घंटीवर पळापळ केली, अनसूया. त्यांच्या मुलानं खुर्चीत बसलंच पाहिजे." माझा रागच गेला.

मार्चमध्ये एकदा हे कमरेचा पट्टा घरी विसरले. मी आणि मामा बसनं तो द्यायला गेलो. महिपत चहा आणायला गेला होता, म्हणून आम्ही त्याच्या बाकावर टेकलो. आत घंटी वाजली. मी मान वर करेपर्यंत मामा टोपी सारखी करून दार लोटून आत गेलेसुद्धा. "जी साहेब," म्हणाले. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेला माणूस. सवयीनं गेले की मुद्दाम, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

ह्यांनी वर पाहिलं आणि ताडकन उभे राहिले. बाबा, तुम्ही बसा, एवढंच कसंबसं म्हणाले आणि खुर्ची पुढे केली. मामा बसले नाहीत.

"पळून मला काही झालं नाही, उत्तम," ते शांतपणे बोलले. "ज्यांच्या घंटीवर पळालो, त्या साहेबांच्या कमरेला चोळायचं तेल मात्र मीच आणून द्यायचो. कोणती फाईल हवी होती तुला?"

हे कपाटाकडे गेले आणि फाईल स्वतः काढून आणली. पुढे महिपत सांगायचा, साहेब आता दिवसातून दहादा उठतात आणि फायली भलत्याच खणात ठेवून माझं काम वाढवतात.

चौदा एप्रिलला हलगी कडाडली, तेव्हा जोडी पुढे होती. पहिल्या वाकण्याला मी श्वास रोखून धरला. हे वाकले आणि उठले. दुसऱ्या चौकात सत्तरीचे मामा ताजेतवाने आणि चाळिशीचे हे घामाघूम. थांबूया का, असं मामांनी खुणेनं विचारलं. ह्यांनी नकारार्थी मान हलवली आणि बापाच्या पावलाला पाऊल लावून पुन्हा वाकले. मला आनंदानं रडू आलं आणि मी ते कुणापासून लपवलं नाही.