चोराच्या घरी पाठवू नका

इंग्लंडातल्या क्रॉयडनच्या त्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, फ्लॅटमध्ये दिवस उजाडायचा तो एलिझाबाईंच्या हाकेने.

"सिप्पोरा! अगं ए बये, उठलीस का? की मीच उठून चहा टाकू?"

आता एलिझाबाई काय उठणार आणि काय चहा टाकणार! डावं अंग लुळं पडून सहा वर्षं झाली होती. पण जीभ शाबूत होती, आणि कान तर असे की खालच्या मजल्यावरचं भांडण ऐकून त्या वरून न्यायनिवाडा करत. सिप्पोरा हसत यायची. सासूच्या काखेत हात घालून, गुडघ्याला गुडघा टेकवून, "आई, धरा मला घट्ट," म्हणत उभं करायची. कमोडवर बसवायची, धुवायची, पुसायची, पाठ कुठे लाल झाली नाही ना ते बघायची. मग गोळ्या, मग मऊ पेज. एवढं उरकून, पाणी आणि फोन आईंच्या उजव्या हाताशी ठेवून, शेजारणीला डोकावून जायला सांगून ती धावत ट्राम पकडायची. प्राथमिक शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढायचं काम होतं तिचं, जेमतेम तीन तासांचं. परत आली की पुन्हा तेच. नवरा नॅथॅनिएल जाऊन आठ वर्षं झाली होती, पण त्याच्या आईला बाहेरच्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही, ही या घराची रीत होती. आणि रीत म्हटली की ती सुनेनेच पाळायची असते, हे काय वेगळं सांगायला हवं?

लोक कौतुक फार करायचे. शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला गेली की बायका तिचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "काय पुण्य केलं एलिझाबाईंनी, अशी सून मिळाली!" धाकटा दीर हिलेल मेडनहेडला राहायचा. कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, तिथल्या मराठी ज्यू समाजाच्या कमिटीचा खजिनदार. महिन्यातून एका रविवारी द्राक्षं घेऊन यायचा, आईच्या कपाळाची पापी घ्यायचा आणि म्हणायचा, "वहिनी, hats off to you." हो ना. टोपी काढायला काय पैसे पडतात?

सरकारही कौतुक करायचं. घरच्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला भत्ता मिळतो, तो सिप्पोराला मिळत होता. रात्रंदिवसाच्या कष्टांवर वाटून पाहिला तर तासाला पोस्टाचं एक तिकीटही आलं नसतं. शिवाय त्याला एक अट होती. बाहेरच्या कामाची कमाई ठरलेल्या आकड्याच्या वर एका पेनीने जरी गेली, तरी त्या आठवड्याचा भत्ता अख्खा बुडाला. जास्तीची पेनी कापून घ्यायची असं नाही. अख्खा. सिप्पोराने ते जपूनच शाळेचे तास धरले होते. पण एका एप्रिलमध्ये सगळ्यांचे पगार वाढले, तिचाही वाढला. कोथिंबिरीच्या जुडीइतका. तेवढ्याने ती आकड्याच्या पलीकडे गेली आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

पत्ता होता तो सरकारला! शाळा पगाराचा तपशील महिन्याच्या महिन्याला वर पाठवत होती. कोणी हूं की चूं केलं नाही. तीन वर्षं साचू दिलं, आणि मग एका मंगळवारी, ती आईंची पाठ पुसत असताना, भत्त्याच्या खात्यातून फोन आला. हात ओले, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय. तुम्ही खात्याचं बारा हजार पौंड देणं लागता."

सिप्पोराला वाटलं, माणसाने भलत्याच घरी फोन लावला. त्याने नाव, पत्ता, तारखा वाचून दाखवल्या. भलतं घर नव्हतं. फोन तसाच स्पीकरवर घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

"त्या आठवड्यांमध्ये तुम्ही केअरर म्हणून पात्र नव्हता," तो म्हणाला.

"मग त्या आठवड्यांमध्ये माझ्या सासूबाईंना उचललं कोणी?"

"तो मुद्दा इथे लागू नाही, मॅडम."

"अहो, पहिल्याच महिन्यात एक शब्द सांगितला असतात, तर मी अर्धा तास कमी केला असता! तीन वर्षं तुम्ही बघत बसलात?"

"कळवण्याची जबाबदारी तुमची होती. तुम्ही माहिती लपवलीत असं खात्याचं मत आहे. याला फसवणूक म्हणतात."

फसवणूक! जिने सासूच्या पेन्शनमधून स्वतःसाठी कधी बसचं तिकीट काढलं नाही, तिला म्हणे फसवणूक. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. सिप्पोरा सिंकला धरून उभी राहिली. आतून एलिझाबाईंची हाक आली नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

रविवारी द्राक्षं आली. हिलेलने सगळं ऐकून घेतलं आणि आधी दार लावून घेतलं.

"वहिनी, listen. हे बाहेर जाता कामा नये. मी खजिनदार आहे, लोक काय म्हणतील, की यांच्याच घरात benefit fraud? तुम्ही चूक कबूल करून टाका. हप्ते बांधून घेऊ, थोडे मी देईन."

"भावजी, मी चोरी केली असं वाटतं तुम्हाला?"

"तसं नाही हो. पण नियम म्हणजे नियम. तुम्ही नीट वाचायला हवं होतं ना?"

सिप्पोराने द्राक्षं धुतली, वाटीत घालून त्याच्यापुढे ठेवली. बाकीच्यांनी चोर म्हटलं ते एक वेळ पचलं असतं. ज्याच्या आईची ओली चादर तिने हजारदा बदलली, त्याने "नीट वाचायला हवं होतं" म्हणावं? त्या दिवशी तिच्या पोटात जो जाळ पेटला तो विझला नाही. सूड, सूड म्हणतात तो हाच, हे तिला पोरांना बटाटे वाढताना कळलं, आणि ती स्वतःलाच घाबरली. कारण सूड उगवायला तिच्या हातात एकच गोष्ट होती, आणि ती गोष्ट म्हणजे आई.

पंधरा दिवसांत एलिझाबाईंच्या छातीत कफ भरला. ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं, अँटिबायोटिक झाली, म्हातारी वाचली. आणि वाचल्याबरोबर हॉस्पिटलला घाई झाली ती बेड रिकामा करायची. घरी पाठवण्याआधी मीटिंग ठरली. पलंगाभोवती पडदा ओढला. डिस्चार्जचं बघणारी मायरा नावाची मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. डोळ्यांखाली काळं, पण बोलायला गोड. हिलेल ऑफिसच्या कोटात उभा.

"एलिझा आता ठीक आहेत," मायरा म्हणाली. "पूर्वीपेक्षा थोडी जास्त मदत लागेल. रात्री दर तीन तासांनी कूस बदलायची. सिप्पोरा, तुम्ही आहातच."

"नाही," सिप्पोरा म्हणाली.

मायराची बोटं थांबली. "सॉरी?"

"मी नाही करणार. कायद्याने माझ्यावर सक्ती नाही, मी विचारून आले आहे. तुमच्या सरकारने मला चोर ठरवलंय. मी सेवा बंद केली."

"वहिनी!" हिलेल दबक्या आवाजात ओरडला. "ही काय असं बोलायची जागा आहे? आईसमोर?"

"मग तुम्ही न्या ना, भावजी. मेडनहेडला चार खोल्या आहेत."

"अहो, आमच्याकडे जिने... आणि आम्ही दोघंही full time..." त्याचं वाक्य कोटाच्या बटणाशी अडकलं.

मायरा पुढे वाकली. असं काही झालं की काय बोलायचं, हे तिला शिकवलेलं होतं. "मला समजतंय, तुम्ही रागावलात. पण भत्त्याचं खातं वेगळं, आम्ही वेगळे. आणि एलिझांना घरीच जायचं असेल ना? नाहीतर नर्सिंग होम. तिथे त्यांची भाषा बोलणारं कोणी नसेल. तुम्हाला ते चालेल का?"

बघा, कसं असतं! खिशाला हात घालायचा तेव्हा सरकार, आणि काळजाला हात घालायचा तेव्हा माणुसकी. सिप्पोराने सासूकडे पाहिलं. एलिझाबाई उशीवर चिमणीएवढ्या दिसत होत्या. तिचं सगळं अवसान गळालं. तिचे डोळे भरले, ओठ हलले, "बरं, नेते" हे शब्द आता बाहेर पडणार एवढ्यात—

"गप्प बस," एलिझाबाई म्हणाल्या. "आणि मला जरा वर ओढ."

सिप्पोराने त्यांना वर ओढलं, पाठीला उशी दिली. एलिझाबाईंनी मायराकडे बघून इंग्रजी सुरू केलं. वाकड्या ओठांमुळे शब्द सावकाश यायचे, पण एकही गाळला जात नव्हता.

"बाळ, लिहून घे. या बाईकडे मी जाणार नाही. ही चोर आहे."

"आई?" सिप्पोरा म्हणाली.

"माझं अंग लुळं आहे, कान नाहीत. फोनवरचा साहेब म्हणाला ते मी ऐकलंय. ही फसवणूक करते, असं सरकारचं मत आहे. सरकार खोटं बोलेल का? मग मी पडले म्हातारी, लुळी, आणि तुम्ही मला एका फसवणाऱ्या बाईच्या ताब्यात देता? रात्री-अपरात्री? माझ्या पेन्शनसकट? तुम्हाला काही लाज?"

"मम्मी, please stop it," हिलेल म्हणाला.

"तू द्राक्षं खा." एलिझाबाईंनी मानही वळवली नाही. "लिहिलंस, बाळ? पुढे लिही. माझी सून चोर नाही, ती प्रामाणिक आहे, तिचं देणं माफ, असं सरकारने सहीनिशी लिहून द्यावं. मग मी आत्ताच्या आत्ता घरी जाते. नाहीतर ती चोर आहे. आणि चोराच्या घरी मला पाठवू नका."

"पण ते खातं वेगळं—"

"नाक वेगळं आणि तोंड वेगळं, म्हणून माणसं दोन होत नाहीत!"

मायराने लॅपटॉप मिटला आणि साहेबांना विचारायला गेली. साहेबांनी त्यांच्या साहेबांना विचारलं. भत्त्याच्या खात्याने कळवलं की असं काही लिहून देता येत नाही. कौन्सिलने कळवलं की ते त्यांच्या अखत्यारीत नाही. ती चोर आहे असंही कोणी लिहीना, चोर नाही असंही लिहीना. सही करायला एक हात पुढे आला नाही. बारा हजार मागायला मात्र सगळ्यांना हात होते.

एलिझाबाईंची रवानगी नर्सिंग होममध्ये झाली. कौन्सिल तिथे एका आठवड्याला मोजू लागलं तेवढ्यात सिप्पोराचा चार महिन्यांचा भत्ता आला असता. सिप्पोराने हप्त्यांच्या कागदावर सही केली नाही, अपील केलं. प्रार्थनेला गेली तेव्हा कोणी विचारायच्या आत तिने स्वतःच सांगितलं, "मला सरकारने चोर ठरवलंय, तुम्ही ऐकलं असेलच." बायकांनी डोळे चोरले. पण बाहेर पडताना एकीने तिचा पदर धरला आणि कुजबुजली, "मलाही आलाय गं फोन. माझ्या आजारी लेकाच्या, अव्हिएलच्या भत्त्यावरून. मी घरी सांगितलेलंच नाही." त्या बाईला घेऊन सिप्पोरा सोमवारी फुकट कायदेशीर सल्ला देणाऱ्या केंद्रात गेली. तिथे रांगेत आणखी कितीजणी, गोऱ्या, काळ्या, सगळ्यांच्या माना खाली. चोरी न करता मान खाली घालायला या बायकांना कोणी शिकवलं, याचा विचार "काय पुण्य केलं" म्हणणाऱ्यांनी एकदा तरी करावा.

पण सूड फुकट मिळत नाही. होममध्ये एलिझाबाईंना सगळे "लिझ" म्हणत. घंटी वाजवली की अर्ध्या तासाने माणूस येई. उकडलेला बटाटा आणि बेचव मासा समोर यायचा. दोन महिन्यांत त्यांचे गाल आत गेले. एका शुक्रवारी सिप्पोरा नारळाच्या रसातलं वालाचं बिरडं आणि भात घेऊन गेली, तेव्हा त्यांच्या पाठीवर अंथरुणाच्या जखमेचं ते लाल दिसलं. सहा वर्षं जे तिने येऊ दिलं नव्हतं तेच.

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. "आई, घरी चला. मी भरते ते पैसे. म्हणू दे मला चोर. मला हे बघवत नाही."

"भरलेस तर माझं तोंड बघू नकोस."

"आई, अहो, तुम्ही मराल इथे!"

"मी? मी मरू?" एलिझाबाईंनी उजव्या हाताने तिचं मनगट पकडलं. पकड अजून चांगली होती. "आपल्या नवसाच्या एलियाहू हन्नाबीची शपथ, मला इथे एक दिवस आवडत नाही. पण सोमवार आला की सरकारच्या खिशातून पैसे जातात ना, ते आठवलं की मला झोप लागते. ते तुझी माफी मागेपर्यंत मी इथून हलणार नाही, वर पण जाणार नाही. रड नंतर. आधी तो भात कालव."

सिप्पोराने डोळे पुसले. भातात बिरडं कालवलं, नीट मऊ केलं, आणि पहिला घास सासूच्या तोंडात घातला. एलिझाबाईंनी तो सावकाश चावला, मोठ्या कष्टाने गिळला, आणि पुन्हा तोंड उघडलं.

"मोठा घास घे, बये. मला खूप जगायचंय."