लाकडी ड्रममधला एक तास

निनियन गेमेलच्या पदरात त्या मंगळवारी बरंच काही पडायचं होतं: शेगडीजवळचं टेबल, हाताखाली चार आरेखक, आणि आजवर फक्त साहेब लोकच घालत आलेली काळी गोल टोपी. बदल्यात त्याला एकच गोष्ट पटवून द्यायची होती. नव्या प्रवासी जहाजाला चोवीस बॉयलर लागत नाहीत, तेवीस पुरतात. दुपारी दोनला संचालकांची बैठक होती.

त्याची युक्ती तशी साधी होती. प्रत्येक बॉयलरच्या वाफेच्या ड्रमला दोन्ही बाजूंनी नळ्यांची एकेक ओळ जास्त, म्हणजे वाफही जास्त. कागदावर ती झकास दिसत होती.

पण क्लाइड नदीकाठच्या त्या जहाजांच्या कारखान्यात कागदावर कोणी विश्वास ठेवत नसे. आधी सुतार ड्रमचा पूर्ण मापाचा लाकडी सांगाडा करायचे, मग आरेखकानं स्वतः त्यात शिरून, नळीचं तोंड फुलवायचं हत्यार प्रत्येक ओळीत फिरवून दाखवायचं. निनियनला मटण भरून भाजलेली 'पाय' प्रिय होती आणि आत जायचं भोक सोळा बाय बारा इंचांचं होतं.

"श्वास सोड, पोरा," बॉयलर विभागाचा मुकादम मॅकफी म्हणाला. दोघा गड्यांनी मागून रेटलं आणि निनियन आत गेला.

पहिल्या चौदा ओळींत हत्यार छान फिरलं. दोन्ही बाजूंच्या सगळ्यात वरच्या ओळींत, म्हणजे त्याच्याच लाडक्या ओळींत, ते ड्रमच्या गोलाईला अडकलं. तिथं नळी बसवणार कोण, हे त्यानं कागदाला विचारलंच नव्हतं.

"मला बाहेर काढा."

इथे दुसरी अडचण निघाली. आत जाताना ढकलायला दोघं होते, बाहेर येताना आतून ढकलणारं कोणी नव्हतं. तेवढ्यात साडेबाराचा भोंगा झाला.

"एक फळी कापा ना."

"फळी लाकडाची," मॅकफी शांतपणे म्हणाला. "आम्ही लोखंडाची माणसं. लाकडाला आम्ही हात लावला तर सुतार उद्या काम बंद करतील. ते जेवून येतील दीडला."

"आणि मी?"

"तू तसाही आठवडाभर न जेवता राहिलास तर बाहेर येशील."

मॅकफी भाकरी खायला गेला. मग भोकातून एफी रँकिनचा चष्मा डोकावला. आरेखकांची पेन्सिलीची ड्रॉइंगं मेणकापडावर शाईनं उतरवणाऱ्या बायकांची ती प्रमुख.

"मिस्टर गेमेल, सोमवारीच म्हटलं होतं मी, त्या टोकाला माझी लेखणीसुद्धा शिरत नाही."

"आणि मी काय म्हणालो होतो?"

"की मी उतरवायचं काम करावं, विचाराचं नको."

आतून हत्यार खाली ठेवल्याचा आवाज आला. "मिस रँकिन, त्या दोन ओळी काढल्या तर ऐंशी नळ्या जातात. वाफ कमी पडते. चोविसावा बॉयलर परत येतो."

"ड्रम दीड फूट लांब करा."

"जागा कुठली?"

"राखेच्या पाळण्याची."

"कसली राख? जहाज तेलावर चालणार आहे."

"तेच तर. तुम्ही प्रत्येक जण आपापला कागद बघता, मी सगळे उतरवते. प्रत्येक बॉयलरच्या टोकाला दीड फूट राख वर न्यायच्या पाळण्याला सोडलंय. कॅरमायकलसाहेबांनी मागच्या कोळशाच्या जहाजावरून जसंच्या तसं घेतलं."

कॅरमायकल म्हणजे मुख्य आरेखक. निनियननं लाकडी भिंतीवरच पेन्सिलीनं गुणाकार मांडला. लांबीत प्रत्येक ओळीला सहा नळ्या जास्त, उरलेल्या ओळी चौदा. चौऱ्याऐंशी. गेल्या त्यापेक्षा चार जास्तच.

"मिस रँकिन, तुम्ही जेवलात?"

"नाही. आकडे सांगा."

तो आतून आकडे सांगत गेला आणि ती गुडघ्यांवर बसून, खोक्यावर पसरलेल्या कोऱ्या कापडावर शाई ओढत गेली. दीडला सुतार आला, त्यानं शांतपणे फळी कापली. निनियन बाहेर आला तेव्हा शाई वाळत होती.

संचालकांनी तेवीस बॉयलर मंजूर केले. दीड फूट कुठून आलं, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा कॅरमायकल खाकरून म्हणाला, "ती जागा मी मुद्दाम राखून ठेवली होती." त्याच्या दूरदृष्टीची नोंद झाली. निनियनला टेबल मिळालं.

आता कोणी काय किंमत मोजली ते बघू. निनियनची विजार गुडघ्यावर फाटली आणि कोटाची दोन बटणं ड्रममध्ये राहिली. मॅकफीचं नेहमीप्रमाणे काहीच गेलं नाही. एफीचं जेवण गेलं. शनिवारी निनियननं तिला माशांचं जेवण घातलं, आणि तिनं दोनदा मागून घेतलं. राहिलं एफीनं सोमवारी उतरवलेलं आणि आता वाया गेलेलं पहिलं मेणकापड. कॅरमायकलनं फर्मावलं, "तिच्या पगारातून कापा." ती चिठ्ठी सहीसाठी नव्या साहेबाच्या, म्हणजे निनियनच्या टेबलावर आली. त्यानं एफीचं नाव खोडलं, वर 'राखेचा पाळणा, कॅरमायकल' असं लिहिलं आणि सही केली. पैसे कॅरमायकलच्या पगारातून गेले.